टर्बो लावायचाय तर लोखंडी इंजिन ब्लॉकच
इथे टेक्ससमध्ये मित्राच्या गॅरेजात तीन आठवडे एकच वाद, टर्बोसाठी अ‍ॅल्युमिनियम ब्लॉकचा एलएस (जनरल मोटर्सचं व्ही८ इंजिन) घ्यायचा की जुन्या सिल्व्हराडो पिकअपमधला, त्याच घराण्यातला ६.० लिटरचा लोखंडी एलक्यू४, आणि माझं पहिल्यापासून लोखंडीच. वजन साधारण ३५ किलो जास्त, मान्य, पण १००० हॉर्सपॉवर काढायला लागणाऱ्या बूस्टला (टर्बो कोंबतो त्या हवेच्या दाबाला) सिलिंडरची भिंत जरा जरी हलली की पिस्टनच्या रिंगा सील सोडतात आणि प्रेशर सगळं खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनच्या तळाच्या पोकळीत. बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, १०१.६ मिमी आहे, तो उगाच वाढवू नका, भिंत जाड राहू द्या! काल सोनिक टेस्ट (ध्वनिलहरींनी भिंतीची जाडी मोजणं) करून घेतली, कारण ब्लॉक ओतताना साच्यातला कोअर, म्हणजे पोकळी बनवणारा गाभा, सरकला असेल तर एक बाजू पातळ निघते आणि बाहेरून काही कळत नाही. आठही सिलिंडर मस्त निघाले, इतका आनंद झाला ना! आता होनिंग, म्हणजे सिलिंडर आतून बारीक घासून नेमक्या मापाला आणणं, तेही टॉर्क प्लेट (हेडच्या जागी बसवायची जाड प्लेट, म्हणजे ब्लॉकवर हेड आवळल्यासारखाच ताण येतो) आवळूनच.