फिर्टल द्राय म्हणजे सव्वादोन

पुण्यात बारा वर्षं गणित शिकवलं. श्टुटगार्टला आले तेव्हा वाटलं होतं, गणिताला भाषा कितीशी लागणार?

जर्मनीत १६ राज्यं आणि शिक्षकांचे नियम ज्याचे त्याचे. पदवी, बी.एड., गुणपत्रिका, सगळ्याची शपथबद्ध अनुवादकाकडून भाषांतरं करून अर्ज दिला. काही महिन्यांनी पत्र आलं. इथला शिक्षक साधारणपणे दोन विषयांचा असतो, माझा एकच धरला होता. दुसऱ्या विषयाचं शिक्षण आणि जर्मन भाषेची सी१ ही वरची पातळी, दोन्ही बाकी. त्या रात्री मी खूप रडले. तिच्या खालची पातळी, बी२, पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनात झाली होती. तिथून सी१ गाठायला दीड वर्ष गेलं.

व्याकरणाला मराठी धावून आली. देर, दी, दास म्हणजे आपलं तो, ती, ते. वर्गातल्या इंग्रजी बोलणाऱ्यांना मूल नपुंसकलिंगी कसं ते पटेना. मी 'ते मूल' म्हणतच वाढले. सूर्य मात्र इथे 'ती', तो नव्याने शिकावा लागला.

घोटाळा झाला तो घड्याळाचा. एका शाळेने फोनवर मुलाखतीची वेळ दिली, 'फिर्टल द्राय'. फिर्टल म्हणजे पाव, द्राय म्हणजे तीन, म्हणून मी सव्वातीनला पोचले. इकडच्या बोलीत ते सव्वादोन, म्हणजे तिसरा तास पाव झाला. पावणेतीनला हे लोक 'तीनाचे पाऊण' म्हणतात. मुख्याध्यापिका तासभर थांबल्या होत्या. मी कारण सांगितलं, त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

काम मिळालं ते तात्पुरतं, परदेशातून नुकत्याच आलेल्या मुलांच्या तयारी वर्गावर. इथे 'बाई' नाही, फ्राऊ आणि पुढे आडनाव. पहिल्या दिवशी फळ्यावर भागाकार आपल्या पद्धतीने मांडला, तर मुलं नुसती बघत राहिली. इथे ८४ : ४ = २१ असं एका ओळीत लिहितात आणि वजाबाक्या खाली उतरवत नेतात. साडेतीन लिहायचे तर ३,५. दशांशाला टिंब नाही, स्वल्पविराम. गुणाकाराला टिंब. घरी वही घेऊन मी रोज सराव केला.

एक तुर्की मुलगा २७ सांगितले की ७२ लिहायचा. गणितात तो चांगला होता. पण तुर्कीत आधी वीस, मग सात. जर्मनमध्ये आधी सात, मग वीस. कानावर पडेल तसं तो डावीकडून लिहीत जायचा. सत्तावीस म्हणणारी मी, मला तो साताचा आकडा आधी ऐकू येण्याची सवय होती, म्हणून त्याची अडचण चटकन कळली. त्याच्या शेजारी बसले आणि म्हटलं, डावीकडे एक घर मोकळं सोड, सात लिही, मग मागे ये.

आता तो आकडा ऐकला की आधी बोटाने जागा धरतो.