फिल्टरच्या तोंडाशी ६८ अंश

मे महिन्यातली दुपार. गोव्यातल्या साखळी गावच्या गॅरेजात १.२ लिटर पेट्रोल इंजिनाची टॅक्सी आली. तक्रार अशी, "मेस्त्री, दुपारी चोर्ला घाट चढताना दुसऱ्या गिअरलाही ओढत नाही. पहाटे गेलं तर ठीक." सपाटीवर तक्रार नाही, चेक इंजिनचा दिवा नाही. प्लग आणि एअर फिल्टर आधीच बदलून झालेले, आता कुणीतरी क्लच प्लेट टाकायला सांगितलेली. पण चढावर नुसतेच आरपीएम वाढत नव्हते, म्हणजे क्लच घसरत नव्हता.

इंजिनाचे आकडे दाखवणारा स्कॅनर लावून घाटाखालच्या केरी गावापुढचा चढ घेतला. बाहेर ३४ अंश, कूलंट ९२, आणि इंजिनात जाणारी हवा ६८! बाजारात गाडी उभी असताना हा आकडा साठीपार जातोच, बॉनेटखालची सगळी उष्णता तिथे साठते. पण गाडी चालू लागली की पाचेक मिनिटांत तो बाहेरच्यापेक्षा ८-१० अंश जास्त, इतपत खाली यायला हवा. इथे तो हलेना.

हवेचं तापमान मोजणारा सेन्सर खोटं बोलतो का, हे बघायला गाडी रात्रभर ठेवून घेतली. सकाळी स्टार्टर मारण्याआधी इग्निशन ऑन केलं: कूलंट २८, हवा २७, भिंतीवरचा थर्मामीटर २७. सेन्सर खरा होता. (तिन्ही आकड्यांत दोन-तीन अंशांहून जास्त फरक असता तर सेन्सर काढून त्याचा विद्युतरोध (ओहम) मोजला असता.)

मग फिल्टर बॉक्सच्या तोंडाला हात घातला. गाडीच्या पुढच्या जाळीमागून बाहेरची हवा आणणारी प्लॅस्टिकची नळी जागेवरच नव्हती. बंपरचं काम करताना कुणीतरी काढली आणि ती खाली हेडलाइटमागे लोंबकळत राहिली. बॉक्स थेट रेडिएटरमागची तापलेली हवा ओढत होता. नवा फिल्टर टाकणाऱ्याने झाकण उघडलं, तोंड पाहिलं नाही.

३४ ऐवजी ६८ अंशांची हवा म्हणजे केल्व्हिनमध्ये (अंशांत २७३ मिळवून) ३०७ भागिले ३४१, हवेचं वजन १० टक्के कमी. तेवढंच पेट्रोल ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) कमी सोडतो. वर गरम हवेने नॉकिंग (पेट्रोल-हवेचं मिश्रण आपोआप भडकणं) होऊ लागतं, म्हणून तो स्पार्कही उशिरा देतो: पूर्ण अ‍ॅक्सिलरेटरवर जिथे १४ अंश अ‍ॅडव्हान्स (पिस्टन वर पोचण्याआधी क्रँकच्या फिरण्याचे किती अंश आधी स्पार्क पडतो) हवा, तिथे ८ दिसत होता. जास्त ऑक्टेनचं पेट्रोल भरलं तर हे दुसरं नुकसान थोडं भरून निघतं, पहिलं नाही. आणि घाटमाथा सुमारे ८०० मीटर उंच, तिथे हवेचा दाब आणखी ९ टक्के कमी. सपाटीवर अ‍ॅक्सिलरेटर अर्धाच दाबलेला असतो, पाय जरा जास्त टेकला की भरपाई होते; म्हणून तिथे कळत नाही.

नळी बसवली, तुटलेल्या दोन क्लिपा बदलल्या. त्याच दुपारी, तोच चढ, एसी चालू: हवा ४३, अ‍ॅडव्हान्स १३. क्लच प्लेट अजून तीच आहे.