ट्रान्स-हार्बर लोकलमध्ये रॉक ऐकायचं तर

ठाणे ते नेरूळ प्रवासात रॉक ऐकणार असाल तर आधी इअरफोनची रबरं तपासा. ती सैल बसली की गाडीचा खडखडाट आत शिरतो आणि सगळ्यात आधी बेस गिटार बुडते. मग आवाज वाढवला जातो. बेस तरीही नीट येत नाही, झांजा मात्र कानात टोचतात. एक माप मोठं रबर लावून बघा.

सुरुवात लेड झेपेलिनच्या 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स'ने (१९७१) करा. जॉन बोनमचे ड्रम्स हेडली ग्रेंज या जुन्या घराच्या जिन्याच्या पायथ्याशी, प्रवेशाच्या हॉलमध्ये ठेवले होते आणि दोन मायक्रोफोन वर जिन्यावर टांगले होते. ड्रम्सचा तो घुमारा त्या वास्तूचा आहे. जोडीला पिंक फ्लॉइडचं 'मनी' (१९७३): सातच्या मात्रेत मोजत राहा, गिटारच्या सोलोला ते चारवर येतं. सात मात्रांचा रूपक ताल ऐकलेल्या कानांना हे अवघड जाऊ नये!

नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर २०१९च्या डिसेंबरमध्ये येऊन गेलेल्या यू-टूचं 'व्हेअर द स्ट्रीट्स हॅव नो नेम' दोन्ही कानांनीच ऐका. त्यांचा गिटारवादक एज मोजकेच सूर छेडतो, मधल्या जागा डिले (सुरांचा प्रतिध्वनी देणारा इफेक्ट) भरतो.

मेटालिकाचा 'डेथ मॅग्नेटिक' (२००८) हा अल्बम ऐकताना आवाज फाटला तर इअरफोनला दोष देऊ नका. मास्टरिंगमध्येच, म्हणजे रेकॉर्डिंगवरच्या शेवटच्या संस्कारातच, तो इतका दाबलाय, की इअरफोन बदलूनही फरक पडणार नाही.