पहिल्यापासून असंच?

आत्या मागच्या वर्षी मे ते ऑक्टोबर आमच्याकडे न्यू जर्सीत राहून गेली. समोरच्या घरात ऐंशी पार केलेल्या एक बाई एकट्याच राहतात, मुलगा कॅलिफोर्नियात, मुलगी पाऊण तासावर, ती दर रविवारी येते, आठवड्याच्या गोळ्या डबीत भरून ठेवते, गवत कापते आणि संध्याकाळी जाते. आत्या रोज सकाळी चहाचा कप घेऊन खिडकीत बसायची आणि त्या बाई कचऱ्याचा डबा ओढत रस्त्यापर्यंत नेतात ते बघायची. एक दिवस म्हणाली, "अगं, यांच्यात कुटुंब असं काही नसतंच ना, पहिल्यापासून असंच."

बाकी सगळं ठीक, पण ते "पहिल्यापासून" माझ्या डोक्यात अडकून बसलं. कारण मला इथे येऊन अठरा वर्षं झाली, इथल्या लायब्ररीतून इतिहासाची पुस्तकं आणून वाचायचा नाद आहे, आणि जे वाचलंय त्यात पहिल्यापासून असं काही सापडतच नाही. मग रोज संध्याकाळी चालायला गेलो की मी तिला थोडं थोडं सांगायला लागले.

म्हाताऱ्यांचंच बघा ना. १८५० च्या सुमाराला या देशात पासष्टीच्या पुढचे साधारण दहातले सात जण आपल्या मुलांबरोबर एकाच घरात राहत होते. शेती होती, जमीन बापाच्या नावावर होती, आणि कुठलातरी एक मुलगा किंवा मुलगी घरीच राहून शेत सांभाळायची आणि शेवटी ते तिच्याकडे किंवा त्याच्याकडे यायचं. न्यू इंग्लंडमधली, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य भागातली, जुनी मृत्युपत्रं तर अशी की वाचताना आपण कोकणातलं वाटणीपत्र वाचतोय असं वाटतं, बाप लिहून ठेवतो की माझ्या मागे माझ्या बायकोला घरातली अमुक खोली द्यायची, चुलीपाशी जायची वाट मोकळी ठेवायची, वर्षाला इतकं सरपण, इतकं धान्य, एक गाय. मुलावर माया असली तरी लिहून घ्यायचं, कारण सून काय करेल याची खात्री नाही. हे ऐकून आत्या एकदम थांबली, म्हणाली तिच्या आजीच्या वाटणीपत्रातपण आजीला माजघराशेजारची खोली आणि वर्षाला ठरलेल्या पायल्या भात लिहून दिला होता, आणि तरी दोन सुनांची त्यावरून भांडणं व्हायची.

मग बदललं काय? शेती सुटली, मुलं शहरात पगारावर गेली, बापाच्या हातात द्यायला जमीन राहिली नाही. आणि १९३५ साली सोशल सिक्युरिटीचा, म्हणजे म्हातारपणी सरकारकडून पेन्शन देण्याचा, कायदा आला. महिन्याचा पहिला चेक जानेवारी १९४० मध्ये व्हर्मॉन्टमधल्या आयडा मे फुलर या बाईंना मिळाला, २२ डॉलर ५४ सेंट. हातात स्वतःचे पैसे आल्यावर म्हातारी माणसं स्वतःच वेगळी राहायला लागली, हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण आपण धरून चालतो की मुलांनी टाकलं. समोरच्या बाईंना मी एकदा विचारलं होतं मुलीकडे का जात नाही म्हणून, तर म्हणाल्या इथे माझं स्वयंपाकघर आहे. आत्याने हे ऐकलं आणि बराच वेळ काही बोललीच नाही.

आणि मुळात "अमेरिकन" म्हणजे कोण. आम्ही राहतो तिथून उत्तरेला न्यू यॉर्क राज्यात इरोक्वॉय लोक, इथले मूळ रहिवासी, राहायचे, अजूनही आहेत, त्यांची जुनी घरं म्हणजे एल्म झाडाच्या सालीची लांबच लांब, एका घरात कितीतरी चुली, आणि घर बायकांचं. मुलं आईच्या कुळाची, लग्न झालं की नवरा बायकोच्या घरी राहायला येणार, म्हणजे आपण ज्याला घरजावई म्हणून टोमणे मारतो तो तिथला नियम. सरदार कोण होणार हे कुळातल्या ज्येष्ठ बाया ठरवायच्या आणि नीट वागला नाही तर काढूनही टाकायच्या.

सगळ्यात जास्त मी ज्यावर बोलले आणि बोलताना रडलेपण ते म्हणजे गुलामगिरीतली कुटुंबं. व्हर्जिनियात १६६२ साली कायदा झाला की मूल आईच्या दर्जाचं, आई गुलाम तर मूल गुलाम, बाप कोणीही असो, म्हणजे मालकाचं स्वतःचं मूलसुद्धा मालकाची मालमत्ता. लग्नं व्हायची, पण कायद्यात त्यांना काडीची किंमत नव्हती, मालकाला कर्ज झालं की नवरा एकीकडे बायको दुसरीकडे पोरं तिसरीकडे विकली जायची. आणि तरी ही माणसं विसरली नाहीत. १८६५ ला गुलामगिरी संपल्यावर लोक पायी निघाले आपली माणसं शोधत. न्यू ऑर्लिन्सच्या एका चर्चच्या पेपरात १८७७ पासून हरवलेल्या माणसांचा एक कॉलमच चालायचा, वर्गणीदारांना फुकट, बाकीच्यांनी ५० सेंट देऊन जाहिरात द्यायची, आणि पाद्री ती रविवारी चर्चमध्ये मोठ्याने वाचून दाखवायचे. त्या जाहिराती आज वाचायला मिळतात. माझी आई अमुक, आमचा मालक तमुक, मला या गावातून त्या गावी विकलं तेव्हा मी इतक्या वर्षांची होते, भावाचं नाव हे, कुणी ओळखत असेल तर कळवा. वीस वीस, तीस तीस वर्षांनंतर. बहुतेकांना कुणीच सापडलं नाही. ज्या देशात लोकांनी आईला असं शोधलं तिथे कुटुंब नसतंच असं मी कसं ऐकून घेऊ.

आत्याला आवडली ती मात्र पंजाबी-मेक्सिकन घरांची गोष्ट. शंभरेक वर्षांपूर्वी कॅलिफोर्नियाच्या दक्षिणेला इंपिरियल व्हॅलीत पंजाबी, बहुतेक शीख, शेतमजूर आणि शेतकरी होते, १९१७ च्या इमिग्रेशन कायद्यामुळे गावाकडून बायको आणता येईना आणि गोऱ्या बाईशी लग्न करायला कॅलिफोर्नियात कायद्याने बंदी, ती बंदी तिथल्या कोर्टाने १९४८ ला उठवली. मग त्यांनी कापसाच्या शेतात बरोबर काम करणाऱ्या मेक्सिकन बायकांशी लग्नं केली, कचेरीतल्या क्लार्कला दोघं सारखीच सावळी दिसायची म्हणून लायसन्स मिळायचं. पोरांचं नाव मारिया नाहीतर होजे आणि आडनाव सिंग, घरात बोलायचं स्पॅनिश, रविवारी चर्च, आणि चुलीवर एकीकडे रोटी एकीकडे तॉर्तिया. आत्याने विचारलं, "आणि गावाकडची बायको?" काहींची होती तिकडे, वाट बघत. त्या बायकांबद्दल लिहिलेलं फारच थोडं सापडतं आणि मला त्याचं वाईट वाटतं.

आपल्या डोक्यात जे अमेरिकन कुटुंब बसलंय ना, नवरा ऑफिसात, बायको घरी, दोन-तीन मुलं, पुढे हिरवळ, ते खरं म्हणजे १९५० च्या आसपासच्या दहा-पंधरा वर्षांचं. युद्धावरून परतलेल्यांना सरकारने स्वस्त कर्ज दिलं, लेव्हिटाउनसारख्या वसाहती उभ्या राहिल्या (काळ्या कुटुंबांना तिथे घर विकत नव्हते हे कुणी सांगत नाही), १९५६ ला तर मुलींचं लग्नाचं वय साधारण वीस होतं. त्याच्या आधी असं नव्हतं, नंतर राहिलं नाही. आणि आता परत घरं भरायला लागलीत, १९७१ ला शंभरातले ७ लोक मोठ्या माणसांच्या दोन-तीन पिढ्या एकत्र असलेल्या घरात राहायचे, २०२१ ला १८, भाडी परवडत नाहीत आणि आपल्यासारखे बाहेरून आलेले खूप आहेत म्हणून.

ऑक्टोबरमध्ये आत्या परत जायच्या आधी आम्ही तिला पकिप्सीला घेऊन गेलो, दोन तासांचा ड्राइव्ह, हडसन नदीच्या काठावरचं गाव. आनंदीबाई जोशींची समाधी तिथल्या स्मशानभूमीत आहे. अठरा वर्षांची आनंदी १८८३ ला बोटीने आली तेव्हा तिला उतरवून घ्यायला कार्पेंटर बाई आल्या होत्या, त्यांनी दातांच्या डॉक्टरकडे नंबरची वाट बघताना एका मासिकात तिच्या नवऱ्याचं, गोपाळराव जोशींचं, पत्र वाचलं होतं, बस एवढीच ओळख, आणि रोझेलच्या त्यांच्या घरात ती आधी मुलीसारखी राहिली. ती त्यांना मावशी म्हणायची. रोझेल आमच्यापासून लांब नाही. १८८६ ला डॉक्टर झाली, १८८७ ला पुण्यात वारली, एकवीस वर्षांची, आणि तिची रक्षा गोपाळरावांनी मावशीकडे पाठवली, त्यांनी ती आपल्या माणसांच्या जागेत ठेवली.

आत्याने दगडावरचं नाव बोट ठेवून ठेवून वाचलं. मग आजूबाजूच्या दगडांवरची नावं वाचत फिरली.

"ही सगळी त्या मावशीची माणसं?"

"हो."

घरून आणलेली शेवंतीची फुलं तिने आनंदीबाईंच्या दगडावर ठेवली, मग त्यातलीच थोडी उचलून शेजारच्या दगडांवर एक-एक ठेवत गेली.