घोडा आत, धाप बाहेर

मंगळवार, रात्री पावणेअकरा

गेल्या आठवड्यात मीटिंगमध्ये अख्खी स्क्रीन शेअर करून बसलो होतो. लॉग, म्हणजे प्रोग्रामने केलेल्या नोंदी, दाखवत असतानाच समोर एक तांबूस घोडा उभा राहिला आणि कोणीतरी त्याला खरारा करू लागलं. दोन सेकंद सगळे गप्प. मग क्लायंटकडचे एकजण म्हणाले, "हा कोणाचा?" माझ्या बायकोचा, हे उत्तर तेव्हा सुचलं नाही.

तिला रेड डेड रिडेम्प्शन 2 या व्हिडिओ गेममधल्या गोळीबारात काडीचा रस नाही. घोड्याला चारा घालायचा, खरारा करायचा आणि डोंगरातून हिंडायचं. मामेभावाने अमेरिकेहून आणलेला स्टीम डेक, म्हणजे हातात धरून गेम खेळायचा छोटा कॉम्प्युटर, तिच्याकडे असतो, पण तो 64 जीबीचा आणि गेम मागतो 150 जीबी. मेमरी कार्डावर मावेल, पण मग बॅटरी दोन तासांतच मान टाकते. म्हणून गेम चालतो माझ्या कॉम्प्युटरवर आणि तिच्या हातात फक्त चित्र पोहोचतं. डेक नुसता व्हिडिओ दाखवतो, त्यामुळे संध्याकाळभर पुरतो.

आधी मी माझ्याकडे चित्र पाठवणारं सनशाइन टाकलं होतं आणि डेकवर ते दाखवणारं मूनलाइट. झकास चालायचं, पण सनशाइन पाठवतं ते माझ्याच मॉनिटरचं चित्र. त्या दिवशी मी गेम मिनिमाइज केला, तर तिच्या हातात घोड्याऐवजी आमची मीटिंग आली. तिने निमूटपणे ट्रॅकपॅडवरून गेमच्या आयकॉनवर टिचकी मारली. तिचं काय चुकलं? ग्राफिक्स कार्डात व्हिडिओ एन्कोड करायला, म्हणजे पाठवण्याजोगा आटोपशीर करायला, वेगळा भाग असतो, त्यामुळे चित्र पाठवण्याचा भार माझ्या कामाला जाणवतही नाही. दोघांचं ओझं मशीन आरामात उचलतं. अडतं ते माउसच्या बाणावर, कारण तो एकच.

शनिवार-रविवार त्यातच गेले. माझा कॉम्प्युटर लिनक्सवर आहे, म्हणून सनशाइनच्या जागी वुल्फ बसवलं. ते डॉकरच्या कंटेनरमध्ये, म्हणजे त्याच मशीनवरच्या एका बंदिस्त कप्प्यात, तिच्यासाठी निराळा डेस्कटॉप उभा करतं, निराळ्या माउस आणि गेमपॅडसकट. मूनलाइट तेच. आता तिचा घोडा माझ्या मॉनिटरवर उगवत नाही आणि माझे लॉग तिला दिसत नाहीत. गेम मात्र पुन्हा पहिल्यापासून उतरवून घ्यावा लागला. ती रात्र नेटने खाल्ली.

राउटर चपलांच्या कपाटावर होता, तो बेडरूमच्या दाराशी आणला. कॉम्प्युटरला वायर, डेकला 5 गिगाहर्ट्झचं वायफाय, व्हिडिओचा वेग 20 एमबीपीएस. सेकंदाला 60 चित्रं म्हणजे एका चित्राच्या वाट्याला साधारण 17 मिलिसेकंद. वायफाय तेवढ्यात अडखळलं तरी डोळ्याला खुपतं. पण काल वायफायचा काही दोष नव्हता. मी प्रोसेसरचे आठही कोअर लावून कामाचा बिल्ड, म्हणजे कोडपासून प्रोग्राम बांधून घेणं, सोडला आणि आतून आवाज आला, "अरे, घोडा लंगडतोय!" आता बिल्डला चारच कोअर. पूर्वी सहा मिनिटांत व्हायचा, आता दहा लागतात. चहा होतो तेवढ्यात.

एक गोष्ट मात्र कुठल्याच सेटिंगमध्ये सापडली नाही. डेक तिच्या हातात गार आणि मुका असतो. सगळी ऊब माझ्या पायाशी, सगळी घरघर माझ्या कानाशी. घोडा आत दौडतो आणि धाप लागते माझ्या टेबलाखाली. चार दिवसांत कान इतका तयार झाला की पंख्यावरून सांगता येतं: ती नकाशा उघडून बसली की जरा उतरतो, गावात शिरली की चढतो. मघाशी चढला तेव्हा इथूनच ओरडलो, "गावात काय काम आहे आता?" तर म्हणे, "चारा संपलाय."

बिल्ड एकदा पडला, दुसऱ्यांदा झाला. पुढचं उद्या.

आत्ता पंखा पार मंदावला. आत दिवा अजून चालू आहे. घोडा बांधून झोपली वाटतं. डेक उशीखालून काढून चार्जिंगला लावायला हवा.