आठवी सुरी

आमच्या तालुक्याच्या रस्त्यालगत, कारागृहाच्या आवारातच चालणाऱ्या उपाहारगृहात मी शिक्षाबंद्यांना स्वयंपाक आणि वाढप शिकवतो. या कामात अवघड काय असेल, तर दहा-बारा वर्षे केवळ हुकूम ऐकलेल्या माणसाला समोरच्याकडे पाहून "काय घेणार?" असे विचारायला लावणे.

पातोडी-रस्सा ही आमची ओळख. फोडणीत घोटलेले बेसन तेल लावलेल्या परातीवर गरम असतानाच पाण्याच्या हाताने थापावे लागते. जाड राहिले तर रस्सा आत मुरत नाही, पातळ झाले तर तुकडे तर्रीत फुटतात. कापायला लांब पात्याची सुरी हवी, आणि आमच्याकडे सुरी म्हटली की नोंदवही आलीच. आठ सुऱ्या, फळ्यावर प्रत्येकीची आकृती काढलेली. सकाळी सही करून घ्यायच्या, संध्याकाळी मोजून द्यायच्या. इंग्लंडमधील हाय डाऊन तुरुंगात २००९ साली सुरू झालेल्या 'द क्लिंक' उपाहारगृहात पाहुण्यांना प्लास्टिकचे काटे-सुऱ्या दिल्या जात, हे मी एकदा वर्गात सांगितले, तेव्हा आमचा सर्वांत जुना बंदी पातोडी थापता थापता म्हणाला, "म्हंजे सर, तिथं गिऱ्हाइकावरच भरोसा नाई."

त्या रविवारी लग्नाचे वऱ्हाड उतरल्याने धांदल उडाली होती. संध्याकाळी सुऱ्या सातच भरल्या. सहाही जणांना जोडी-जोडीने उकिडवे बसवून झडती सुरू झाली. पिठाचे डबे उपसले गेले, खरकट्याच्या बादल्या पालथ्या झाल्या. जुन्या बंद्याने तर कुणी सांगण्याआधीच सदरा काढून ठेवला. मी खांद्यावर पिशवी अडकवून बाजूला उभा होतो आणि, आता लिहायला लाज वाटते, सर्वांत तरुण मुलाकडे संशयाने पाहत होतो. माझी पिशवी तपासावी असे कुणाच्याही मनात आले नाही. मोटारसायकलची किल्ली काढायला हात घातला, तेव्हा बोटांना फडके लागले. दुपारी गल्ल्याजवळ लिंबे कापून सुरी त्यात मीच गुंडाळली होती.

हवालदार हसले. "सर, होते असं." नोंदवहीत 'मोजणीत चूक' एवढेच लिहिले गेले, माझे नाव कुठेही आले नाही. हीच सुरी एखाद्याच्या अंथरुणात सापडली असती, तर चांगल्या वर्तणुकीबद्दल शिक्षेत मिळालेली माफी गेली असती आणि उपाहारगृहातले कामही सुटले असते. हवालदार वाईट माणूस नाहीत. पण त्यांच्या वहीत चूक करण्याची मुभा नोकरीवर येणाऱ्यालाच आहे. मी सहाही जणांची माफी मागितली. ते "असू द्या सर" म्हणाले, पण ते मला समजावण्यासाठी होते की गप्प करण्यासाठी, हे मला अजून उलगडलेले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी जुन्या बंद्याने नोंदवही उघडून माझ्यापुढे सरकवली. "आज लिंबं कोन कापनार, सर?"

मी सही करून सुरी घेतली. लिंबांनंतर परातही त्याने माझ्याकडेच सरकवली, आणि माझ्या हातून पातोडीचे तुकडे वाकडे पडत असताना तो शेजारी उभा राहून मोजत होता.