पवनारच्या आश्रमात पुन्हा

पवनारचा आश्रम मला कळू लागल्यापासून ओळखीचा आहे. आजी सुटीत आम्हां भावंडांना तेथे नेत असे, आणि धाम नदीकाठची ती टेकडी म्हणजे मोठ्याने बोलायचे नाही अशी जागा, एवढीच तेव्हाची माझी समजूत होती. बऱ्याच वर्षांच्या खंडानंतर येथे मुक्कामाला आले आहे आणि दिवसभर एकच विचार मनात घोळतो आहे: येथली शांतता आपोआप नांदत नाही, ती रोज कोणीतरी कष्टाने राखते.

विनोबा १९३८ साली प्रकृती खालावल्यामुळे येथे राहायला आले आणि १९५९ साली त्यांनी स्त्रियांच्या सामूहिक साधनेसाठी ब्रह्मविद्या मंदिर स्थापन केले. येथे कोणी प्रमुख नाही. निर्णय सर्वांच्या संमतीने होतात आणि झाडलोटीपासून शेतीपर्यंतची कामे बहिणी स्वतः करतात. हे मला ऐकून ठाऊक होते. आज पहाटेच्या प्रार्थनेनंतर मात्र एक वयस्क ताई वाकून अंगण झाडताना दिसल्या. खराट्याच्या रेघा एकीला एक लागून, कोठेही न तुटता उमटत होत्या. मी त्यांच्या हातचा खराटा मागितला, तो त्यांनी दिला नाही. "कोपऱ्यात दुसरा आहे, तो घ्या आणि त्या बाजूने या," एवढेच म्हणाल्या.

साडेदहाच्या विष्णुसहस्रनामाला लहानपणी मी चुळबुळत बसत असे. आज जाणवले की त्या पाठात कोणाचाही आवाज इतरांच्या पुढे जात नाही, आणि एखादीला धाप लागली तरी नामे अखंड चालू राहतात.

भरत-राम भेटीच्या शिल्पापुढे आजी फार वेळ उभी राहायची. शेतात खणताना विनोबांना ते सापडले, ही हकीकत ती दर वेळी तितक्याच कौतुकाने सांगे. अंगमेहनतीलाच उपासना मानणाऱ्या माणसाला त्याचे दैवत मातीत राबताना भेटावे, याचे मला आज विलक्षण अप्रूप वाटले.

बहिणी आता थकल्या आहेत, त्यामुळे हे सारे पुढे कोण चालवील याची मला मनापासून काळजी वाटते. येथे येणाऱ्याने निदान राहील तेवढे दिवस तरी पाहुणा म्हणून राहू नये, असे माझे ठाम मत झाले आहे. उद्या भाजी निवडण्याचे काम मी मागून घेतले आहे.